अ‍ॅलिगेटर गारची वीण आणि पिल्लांचे पहिले वर्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मत्स्यालयाच्या दुकानात बोटभर लांबीचे, काडीसारखे दिसणारे गार विकत मिळतात. हा मासा मूळ ठिकाणी अंडी कुठे घालतो, पिल्ले कशी वाढतात आणि त्या वाढीचा वेग किती, हे घेणाऱ्याला सहसा कोणी सांगत नाही. मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी, शोभिवंत मासे पाळणारे आणि हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) काम करणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. मुख्य भर अ‍ॅलिगेटर गारवर आहे. हॅचरीच्या पद्धतीसाठी त्याचाच मेक्सिकोतला भाऊबंद, उष्णकटिबंधीय गार, याचा आधार घेतला आहे, कारण त्याचे बीज तयार करण्याचे तंत्र जास्त बसलेले आहे.

गार म्हणजे नेमके कोणते मासे? कोकणात मिळणारा सुईसारख्या तोंडाचा मासा तोच का?

नाही. समुद्रातला सुईमासा वेगळ्या कुळातला. त्याची चोच लांब असते, एवढेच साम्य. खऱ्या गारच्या आज सात जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर व मध्य अमेरिका आणि क्युबा इथल्या. अंगावर चौकटीसारखे, चकचकीत, हाडाइतके कठीण खवले असतात. अ‍ॅलिगेटर गार यांत सर्वांत मोठा. २०११ मध्ये मिसिसिपी राज्यात एका मासेमाराच्या जाळ्यात सापडलेला गार सुमारे १४८ किलोचा आणि अडीच मीटरहून लांब होता.

दुकानात पिल्लू बघताना चोच बघा. अ‍ॅलिगेटर गारची चोच रुंद आणि तुलनेने आखूड असते आणि वरच्या जबड्यात दोन्ही बाजूंना दातांच्या दोन-दोन रांगा असतात. लहान पिल्लाच्या पाठीवर चोचीपासून शेपटीपर्यंत एक फिकट पट्टा दिसतो, त्याला दोन्हीकडून गडद रेघेची किनार असते. हा पट्टा दिसला की तो मासा पुढे माणसापेक्षा लांब होणार, हे धरून चाला.

विणीचा हंगाम कधी असतो?

अमेरिकेच्या दक्षिण भागात, म्हणजे टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपी, आर्कान्सा या पट्ट्यात, साधारण एप्रिल ते जून. काही नद्यांत तो पुढेही लांबतो. तारखेपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या: पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर जाणे आणि त्याच वेळी नदी पात्राबाहेर पसरणे. पूर आला पण पाणी गारठलेले, तर मासे हलत नाहीत. पाणी तापले पण पूर नाही, तर मादीच्या पोटात अंडी तयार असूनही ती तशीच राहतात आणि हळूहळू शरीरात जिरून जातात.

पूर इतका का लागतो?

आपल्याकडे पहिल्या पावसात शिवारात पाणी भरले की मासे चढणीला लागतात, लोक वळगणीचे मासे धरायला निघतात. गारचे गणित त्याच जातीचे आहे, फक्त नदी मिसिसिपी किंवा ट्रिनिटी. पुराचे पाणी काठच्या गवताळ जमिनीवर पसरते. तिथे जेमतेम कमरेएवढे पाणी असते, उन्हाने ते लवकर तापते, आणि बुडालेले गवत-झुडपे अंडी चिकटायला जागा देतात. नदीच्या पात्रात अंडी टाकली तर ती गाळात दबतील. गवतावर ती पाण्यात अधांतरी राहतात, भोवती प्राणवायू मिळतो. शिवाय नव्याने बुडालेल्या जमिनीवर काही दिवसांतच सूक्ष्म प्राणिप्लवंगांचा सुकाळ होतो. पिल्लांना पहिला घास लागतो नेमका त्याच वेळी.

पाणी किती दिवस थांबते, हा खरा मुद्दा. अंडी उबायला दोन-तीन दिवस, पिल्ले स्वतः पोहू लागायला आणखी पाच-सहा दिवस. म्हणजे आठवडाभर तरी पाणी त्या गवतावर राहायला हवे. धरणातून पाणी सोडले, दोन दिवसांत पुन्हा अडवले, अशा नदीत मासे जोमाने अंडी घालतात आणि ती सगळी गवतावर वाळून जातात. म्हणून कित्येक नद्यांत काही मोजक्या वर्षांचीच पिल्ले मोठ्या संख्येने जगलेली आढळतात, मधली वर्षे कोरडी. मोठा गार अनेक दशके जगतो, त्यामुळे चार-दोन वर्षे वाया गेली तरी त्याचे भागते. पण मिसिसिपीला दोन्ही काठांनी बांध घातले आणि पूरमैदान नदीपासून तोडले, तिथे हे गणित कायमचे बिघडले. त्यात भर म्हणून हा मासा ‘चांगल्या’ माशांचा शत्रू ठरवला गेला. १९३०च्या दशकात टेक्सासमध्ये विजेचा धक्का देऊन गार मारणारी खास बोटसुद्धा होती.

वीण प्रत्यक्ष पाहून अभ्यासली गेली अशी दोन ठिकाणे सांगता येतात: मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझजवळचे सेंट कॅथरिन क्रीक अभयारण्य आणि आर्कान्सातली फोर्श लाफेव्ह नदी.

अंडी घालताना मासे नेमके काय करतात?

एक मोठी मादी आणि तिच्या भोवती अनेक लहान नर. नर तिच्या दोन्ही अंगांना चिकटून पोहतात, चोचीने तिच्या पोटाला आणि बाजूला ढुसण्या देतात. हा घोळका उथळ पाण्यात हळूहळू घिरट्या घालतो. पाणी इतके कमी असते की पाठी आणि शेपट्या वर दिसतात. मग अचानक सगळे एकदम थरथरतात, पाणी उसळते, मादी अंडी सोडते आणि नर त्याच क्षणी शुक्र सोडतात. फलन पाण्यातच होते. मादी सगळी अंडी एकदम टाकत नाही. थोडी इथे, थोडी पुढच्या झुडपावर, अशी विखरून टाकते. हे सहसा दिवसाउजेडी चालते. काम झाले की मोठे मासे खोल पाण्याकडे निघून जातात. घरटे नाही, राखण नाही.

नर-मादी बाहेरून ओळखता येतात का?

भरवशाने नाही. खूप मोठा मासा असेल तर तो बहुधा मादी, एवढेच. नर साधारण पाच-सहा वर्षांत वयात येतो, मादीला दहा-अकरा वर्षे लागतात. हंगामात नराच्या पोटावर मागच्या दिशेने हलका दाब दिला तर पांढरे शुक्र बाहेर येते. मादीचे पोट फुगलेले दिसते, पण नुकताच पोटभर जेवलेला नरही तसाच दिसतो. म्हणून हॅचरीत मासे निवडण्याआधी त्यांना काही दिवस उपाशी ठेवतात.

एका मादीला किती अंडी असतात?

सरासरी दीड लाखाच्या आसपास. अंगाने मोठ्या मादीला याहून बरीच जास्त. एकेक अंडे ३ ते ४ मिलिमीटरचे आणि अतिशय चिकट. पाण्यात सुटल्यावर ते जिथे टेकेल तिथे घट्ट बसते. नंतर ओढून काढायला गेलात तर आवरण फाटते.

गारची गाबोळी खातात का?

खाऊ नका. कोकणात गाबोळी म्हणजे चैन, पण गारची गाबोळी विषारी आहे, माणसालाही आणि कुत्र्या-मांजरालाही. उलट्या, जुलाब, पोटात मुरडा असा त्रास होतो. कोंबड्या आणि पाण्यातले कवचधारी प्राणीही या अंड्यांनी मरतात. शिजवून विष जाईल या भरवशावर राहू नये. गंमत अशी की ब्लूगिल आणि कॅटफिशसारख्या माशांना ही अंडी खाऊ घातली तेव्हा त्यांना काही झाले नाही. म्हणजे ज्या माशांकडून अंड्यांना रोजचा धोका, त्यांच्यावरच हे विष चालत नाही. ते मुळात कोणासाठी, हा प्रश्न अजून रंगतदारच आहे.

मांस मात्र खाण्याजोगे आहे. मेक्सिकोच्या तबास्को राज्यात तिथला गार, पेहेलागार्तो, अख्खा निखाऱ्यावर भाजून विकतात. साफ करताना अंडकोश फुटू द्यायचा नाही, आणि फुटला तर मांस, सुरी, पाट सगळे नीट धुवायचे.

अंडी किती वेळात उबतात?

२७–२८ अंशांच्या पाण्यात ४८ ते ७२ तास. पाणी थंड असेल तर उशीर होतो, आणि उशीर झाला की बुरशीला वेळ मिळतो. मेलेले अंडे पांढरट, अपारदर्शक होते आणि एका दिवसात त्यावर कापसासारखी बुरशी धरते. ती बुरशी शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते. हॅचरीत म्हणूनच दिवसातून दोनदा तरी मेलेली अंडी ड्रॉपरने किंवा बारीक नळीने ओढून काढावी लागतात. अंड्यांचा गठ्ठा झाला असेल तर आतली अंडी गुदमरतात, कारण त्यांच्यापर्यंत ताजे पाणी पोचत नाही. हवेचा बुडबुडा थेट अंड्यांवर मारू नका. पाणी संथपणे फिरते राहील एवढेच बघा.

उबलेली पिल्ले काचेला चिकटून उभी लटकतात. मेली आहेत का?

नाहीत, ती तशीच असतात. नुकत्याच उबलेल्या गारला चोच नसते. लांबी सेंटीमीटरच्या आत, पोटाखाली पीतकाची (अंड्यातल्या बलकाची) मोठी पिशवी, आणि तोंडाच्या टोकाला एक चिकट चकती. या चकतीने ते गवताच्या पात्याला, काचेला, कधी पाण्याच्या पृष्ठभागालाही चिकटून लटकते. धक्का लागून सुटले तर वेडेवाकडे पोहते आणि पहिल्या मिळेल त्या आधाराला पुन्हा चिकटते. या काळात त्याला खायला द्यायचे नाही. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला बारीक कवचधारी जीव, पिल्लांचे जिवंत खाद्य) टाकलात तर तो नुसता मरून पाणी नासवतो.

चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिशवी लहान होत जाते, तोंडाचा भाग पुढे लांबायला लागतो आणि चकती आकसते. पिल्लू आडवे होऊन पोहायला लागले की समजा, आता घास हवा. हा बदल एका टाकीतही सगळ्यांत एकाच वेळी होत नाही, आणि पुढच्या कटकटींचे मूळ तिथेच आहे.

पहिला घास कोणता आणि कधी?

पिशवी पूर्ण संपायची वाट बघू नका. निम्म्याहून जास्त पिल्ले आडवी पोहू लागली की नुकताच फुटलेला आर्टेमिया सुरू करा. उशीर झाला तर पिल्ले अशक्त होतात आणि पुढे खाद्य समोर असूनही तोंड उघडत नाहीत.

आर्टेमिया फोडायची सोपी रीत: एक लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम मीठ, त्यात १ ते २ ग्रॅम आर्टेमियाची अंडी, पाणी २८ अंश, वर दिवा, तळातून जोरात हवा. १८ ते २४ तासांत केशरी पिल्ले तयार. हवा बंद करा, कवचे वर तरंगतील, पिल्ले तळाशी जमतील. तळातून नळीने काढून १२०–१५० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि गोड्या पाण्याने धुवून मगच टाका. कवचे टाकीत जाऊ देऊ नका. पिल्ले ती गिळतात आणि पचवू शकत नाहीत.

गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासच जगतो. त्यामुळे एकदम पुष्कळ घालण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे घाला, आणि प्रत्येक वेळी तळातला मेलेला गाळ ओढून काढा. पोट केशरी दिसले म्हणजे खाल्ले. नैसर्गिक पाण्यात पिल्ले डाफ्नियासारखे प्लवंग आणि डासांच्या अळ्या खातात, आणि जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटरची झाली की इतर माशांच्या पिल्लांवर उतरतात.

पिल्ले एकमेकांना का खातात? हे थांबवता येते का?

पूर्ण थांबवता येत नाही, कमी करता येते. साधारण उबल्यानंतरच्या पाचव्या दिवसापासून तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत वाईट. गार समोरून झडप घालत नाही. सावजाच्या बाजूला काडीसारखा तरंगत येतो आणि मान झटकून आडवा चावा घेतो. जवळ जे हलेल ते सावज. भाऊ असला तरी.

मोठे लहानाला खातात इतकेच असते तर सोपे होते. गार स्वतःच्या जवळपास लांबीच्या पिल्लालाही धरतो. अर्धे गिळून होते, उरलेले आत जात नाही, दात मागे वळलेले म्हणून बाहेरही येत नाही. दोन्ही मरतात. टाकीत सकाळी अशी जोडी तरंगताना दिसली तर दोन कारणे शोधा: रात्रीचे खाद्य कमी पडले, किंवा आकारात फरक पडला.

उपाय तीनच. पहिला, पोट रिकामे राहू द्यायचे नाही. रात्रीही एक खेप द्या. दुसरा, दर तीन-चार दिवसांनी चाळणी करा, म्हणजे लांब पिल्ले एका टाकीत, आखूड दुसऱ्या. तिसरा, गर्दी कमी करा. टाकीत दाट वनस्पती किंवा प्लास्टिक सुतळीचे झुबके सोडले तर पिल्ले एकमेकांच्या नजरेआड होतात, पण मेलेले खाद्य त्यात अडकते, म्हणून सफाई वाढते. आमच्या मते चाळणीला पर्याय नाही. आडोसा चाळणीची जागा घेऊ शकत नाही.

पिल्लू सारखे वर येऊन तोंड उघडते. प्राणवायू कमी आहे का?

गारचा वाताशय फुप्फुसासारखा काम करतो. तो वर येऊन हवा घेतो आणि त्यामुळेच उन्हाळ्यातल्या सडक्या, प्राणवायू नसलेल्या डबक्यात जगतो. पिल्लू पोहायला लागल्यावर ही सवय सुरू होते. अधूनमधून वर येणे हे निरोगीपणाचे लक्षण आहे. सगळी पिल्ले एकदम आणि सारखी वर येऊ लागली तर मात्र पाणी बिघडले आहे, अमोनिया तपासा.

दोन गोष्टी सांभाळा. पाण्यावर खाद्याचा तेलकट तवंग साचू देऊ नका, कागद फिरवून रोज काढा. आणि झाकण व पाणी यांत मोकळी जागा ठेवा. तीही फार थंड नको: पाणी २८ अंश आणि वरची हवा एसीची, असे झाले तर पिल्ले सुस्तावतात.

शेपटीच्या वर दोऱ्यासारखे काहीतरी थरथरते. रोग आहे का?

नाही. शेपटीच्या पराच्या वर कण्याचे टोक बारीक तंतूसारखे बाहेर आलेले असते आणि ते सतत कंप पावत राहते. त्याच्या आधाराने पिल्लू अंग न हलवता इंचाइंचाने पुढे सरकते, आणि सावजाला वाटते काडी वाहत आली. मासा वाढला की पहिल्या वर्षातच हा तंतू नाहीसा होतो. बुरशी समजून औषध घालणारे बरेच आहेत. घालू नका.

हॅचरीत बीज कसे तयार करतात?

तबास्कोच्या विद्यापीठाने व्हिलाएर्मोसा शहरात उष्णकटिबंधीय गारसाठी जी पद्धत बसवली, ती थोडक्यात अशी. हा मासा अ‍ॅलिगेटर गारपेक्षा पुष्कळ लहान, त्यामुळे हाताळायला सोपा.

गोल टाकीत एक मादी आणि साधारण तीन नर. पाणी २८ ते ३० अंश. तळाशी आणि कडेला प्लास्टिक सुतळीचे झुबके, म्हणजे पाणवनस्पतींची नक्कल. मादीला एलएचआरएच-ए हे वीण घडवून आणणारे संप्रेरक किलोमागे सुमारे ३५ मायक्रोग्रॅम टोचतात, नराला थोडे कमी. खवल्यांतून सुई जात नाही, वाकते. म्हणून पराच्या मुळाशी खवले नसलेल्या मऊ जागी टोचावे लागते. टोचल्यावर टाकी झाका, आवाज आणि उजेड टाळा. बहुधा दीड दिवसाच्या आत वीण होते. लगेच मोठे मासे बाहेर काढा. अंडी सुतळीवरच राहू द्या, झुबका उचलून उबवणीच्या टाकीत न्यायचा असेल तर पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवा.

अ‍ॅलिगेटर गारचे मोठे काम अमेरिकेत मिसिसिपीतल्या टुपेलोची प्रायव्हेट जॉन अ‍ॅलन हॅचरी आणि ओक्लाहोमातली टिशोमिंगो हॅचरी इथे झाले. तिथले बीज जिथून हा मासा नाहीसा झाला होता अशा नद्यांत सोडतात. इलिनॉय राज्याने १९९४ मध्ये तो आपल्याकडून नष्ट झाल्याचे जाहीर केले होते, तिथेही पुढे पिल्ले सोडली गेली.

वीण न होण्याची नेहमीची कारणे: मादी पूर्ण पिकलेली नव्हती, पाणी २५ अंशांच्या खाली गेले, किंवा पकडताना इतकी झोंबाझोंबी झाली की मासे भेदरले. पिकलेली नसलेल्या मादीला मात्रा वाढवून उपयोग होत नाही.

सुक्या खाद्यावर कधी आणावे?

गारच्या पिल्लाचे पोट लवकर कामाला लागते, त्यामुळे इतर शिकारी माशांच्या मानाने ते सुके खाद्य लवकर स्वीकारते. दुसऱ्या आठवड्यापासून आर्टेमियाच्या प्रत्येक खेपेआधी बारीक चुरलेले तरंगते खाद्य टाका. ४५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असलेले ट्राउटचे खाद्य या कामी चालते. आठ-दहा दिवसांत आर्टेमिया हळूहळू बंद करा. बुडणारे खाद्य गार सहसा उचलत नाही. काही पिल्ले शेवटपर्यंत सुके घेत नाहीत, ती वेगळी काढा, नाहीतर ती शेजाऱ्यांवर जगतील.

फक्त गोल्डफिशची पिल्ले खाऊ घालून गार वाढवणे चुकीचे आहे. गोल्डफिशच्या अंगात थायामिन नष्ट करणारे विकर असते. तेच एक खाद्य महिनोन्‌महिने दिले तर मासा बी-१ जीवनसत्त्वाला मुकतो, तोल जातो, खाणे सोडतो. शिवाय बाहेरच्या माशांबरोबर परजीवी येतात ते वेगळे.

वाढ किती वेगाने होते?

पाणी गरम आणि खाद्य पोटभर असेल तर अ‍ॅलिगेटर गारची लांबी सुरुवातीला दिवसाला सुमारे ५ मिलिमीटरने वाढते. छापायची चूक नाही, पाच मिलिमीटरच. महिनाभरात विताच्या जवळ. पहिल्या वर्षअखेर साधारण एक ते दोन फूट, दोन-तीन वर्षांत मीटरभर. त्यानंतर वेग उतरतो. सात फुटांचा गार सहसा तिशी ओलांडलेला असतो.

एवढी घाई कशासाठी, हे पूर आठवला की कळते. पाणी ओसरायच्या आत नदीत परतायचे, आणि परतल्यावर बास हा शिकारी मासा किंवा बगळा यांच्या तोंडात मावू नये इतके मोठे व्हायचे. पिल्लू लहान असताना खवल्यांचे चिलखतही पुरते तयार नसते. २० अंशांच्या खाली वाढ फार मंदावते.

पहिल्या महिन्यात पिल्ले मरतात ती कशाने?

भूक आणि एकमेकांचे चावे ही दोन मोठी कारणे झाली. त्याखालोखाल पाणी. नळाचे पाणी थेट वापरले तर क्लोरीनने लटकलेली पिल्ले तासाभरातही खाली पडतात. सोडियम थायोसल्फेट घाला किंवा पाणी हवा देत रात्रभर ठेवा. फिल्टरच्या तोंडावर बारीक जाळी किंवा स्पंज नसेल तर पिल्ले ओढली जातात. अचानक दिवा लावला की दचकून काचेवर आपटतात, आणि चोच एकदा वाकली की ती सरळ होत नाही. अरुंद टाकीत वाढलेल्या गारचा कणाही वाकतो, कारण या माशाचे अंग वळायला लवचीक नाही. टाकीची रुंदी माशाच्या लांबीएवढी तरी हवी.

घरच्या टाकीत गारची वीण करता येईल का?

अ‍ॅलिगेटर गारची नाही. मादीला दहा वर्षे आणि माणसाएवढी लांबी लागते. वयात आलेला मासा फिरेल असे तळे, उथळ गवताळ काठ आणि ऋतूप्रमाणे बदलणारे पाणी हे काचेच्या पेटीत बसत नाही. दुकानदार ‘टाकीच्या मापाने वाढतो’ म्हणाला तर ऐकू नका. टाकी लहान असेल तर मासा वाकडा होतो आणि लवकर मरतो, एवढाच त्याचा अर्थ.

इतर गारही पुरातच अंडी घालतात का?

सगळे नाहीत. लांब चोचीचा गार वसंतात लहान ओढ्यांत चढतो आणि वाहत्या पाण्यात खडी-गोट्यांवरही अंडी घालतो. थंड पाण्यामुळे त्याची अंडी उबायला आठवडाभर लागू शकतो. कधी कधी तो स्मॉलमाउथ बासच्या घरट्यात अंडी टाकतो, आणि घरटे राखणारा नर बास परक्या अंड्यांचीही राखण करतो. लुइझियानातल्या ठिपकेवाल्या गारची अंडी प्रयोगशाळांत वापरतात. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

टेक्सासच्या ट्रिनिटी आणि ब्राझोस नद्यांत अ‍ॅलिगेटर आणि लांब चोचीच्या गारचे संकर सापडले आहेत. या दोघांचा समाईक पूर्वज सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीचा. इतक्या अंतराने वेगळ्या झालेल्या जातींची पिल्ले जगतात आणि पुढे प्रजनन करतात, हे २०२४ मध्ये मांडले गेले. गारच्या जनुकांत बदल विलक्षण संथ होतो, हे त्याचे कारण दिले जाते.

गार महाराष्ट्रात कधी होता का?

होता, पण डायनासोरच्या काळात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या लॅमेटा थरांतून (डायनासोरच्या काळातल्या खडकांतून) मिळालेल्या माशांच्या अवशेषांचे वर्णन ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये केले. त्यात गारच्या कुळातला एक मासा होता, त्याला त्यांनी ‘इंडिकस’ हे जातिनाम दिले. पुढे हे कुळ भारतातून संपले. आज इथे दिसतो तो गार माणसाने आणलेला.

मोठा झालेला गार तलावात सोडला तर काय बिघडते?

पाणी २५ ते ३० अंश, जून ते सप्टेंबर पूर, बुडालेली गवताळ जमीन: गारला विणीसाठी जे लागते ते आपला पावसाळा आयते देतो. एकटा मासा वीण करणार नाही, पण तो एकटाच आहे हे सोडणाऱ्याला माहीत नसते. शिवाय तो काही दशके जगतो आणि तोवर देशी मासे खातो. चिलापीने (तिलापियाने) उजनी धरणात देशी माशांचे काय केले, हे तिथल्या मासेमारांना विचारा.

२०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात आणि भोपाळच्या मोठ्या तलावात अ‍ॅलिगेटर गार सापडले. चीनमधल्या रुझोऊ शहरात २०२२ मध्ये हे मासे पकडायला उद्यानातला तलाव उपसावा लागला, काम महिनाभर चालले. जपानने २०१८ पासून गारचे सगळे कूळ घातक परकीय प्रजातींच्या यादीत टाकले आहे.

मासा सांभाळणे जमत नसेल तर आधी विकणाऱ्याला परत घ्यायला सांगा, मोठी टाकी किंवा बंदिस्त तळे असलेला पाळणारा शोधा. सार्वजनिक मत्स्यालये बहुधा नकार देतात, त्यांच्याकडे असे मासे आधीच जास्त झालेले असतात. आणि नदीत, धरणात किंवा तलावात जाळ्यात गार आला, तर तो परत पाण्यात टाकू नका. लांबी मोजा, चोचीचा आणि अख्ख्या माशाचा फोटो काढा, ठिकाण लिहून ठेवा आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा. पोट फाडून बघायचे झाले तर हातमोजे घाला, गाबोळी निघाली तर तीही फोटोत घ्या. ती मादी पिकलेली होती का, हे कार्यालयाला त्यावरूनच कळेल. नंतर गाबोळी खोल पुरून टाका, कोंबड्या-कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नका.